अंगण किती पाणी पितं?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा आमच्या घरासमोरचं लॉन अजून बऱ्यापैकी हिरवं होतं. हे सांगताना आजही अवघडल्यासारखं होतं.

निवृत्तीनंतर बांधलेल्या घराबद्दल अण्णांचं एकच स्वप्न होतं. पुढे पाचशे चौरस फुटांचा हिरवा गालिचा असावा आणि त्यात दोन खुर्च्या टाकून सकाळचा पेपर वाचावा. त्या वर्षी नळाला पाणी येणं जवळजवळ थांबलं होतं. आमची बोअर मात्र दिवसाआड अर्धा तास चालायची. त्यातलं थोडं पाणी अण्णा पाइपने गवतावर सोडत, तेही अंधार पडल्यावर. अंधार पडल्यावरच का, हे घरात कुणी विचारलं नाही. एका संध्याकाळी शेजारच्या काकू कळशी घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. ‘भाऊ, गवताला घालताय त्यातली एक कळशी द्या,’ एवढंच म्हणाल्या. अण्णांनी पाइप त्यांच्या कळशीत धरला. त्यानंतर लॉनला पाणी मिळालं नाही. पंधरा दिवसांत त्याचा काथ्या झाला.

पण त्याच अंगणात, त्याच उन्हात, काही झाडं तग धरून राहिली. परसातलं सीताफळ पानं गाळून उभं होतं. कुंपणाजवळचा कडुनिंब तर चैत्रात नवी पालवी घेऊन सळसळत होता. कोरफड थोडी सुकून लालसर झाली होती, पण जिवंत होती. आई तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी तुळशीला घालायची, तेवढ्यावर तुळसही टिकली. या कशालाही त्या वर्षी बोअरचा एक थेंब मिळालेला नव्हता. मग पाणी पीत कोण होतं?

ते गणित मी बऱ्याच उशिरा मांडलं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. अंगणाच्या पाण्याचा सगळा हिशेब या एका वाक्यावर चालतो. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये ऊन, कोरडा वारा आणि तापमान मिळून जमिनीवरून दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी उडवण्याची ताकद हवेत असते. ही ताकद मोजण्याचं शास्त्र आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ मध्ये ऊन, वारा, तापमान आणि हवेतली आर्द्रता यांवरून बाष्पीभवन काढण्याचं समीकरण मांडलं. पिकाला पाणी किती द्यावं याचे आजचे तक्ते त्याच समीकरणाच्या पुढच्या पिढीवर आधारलेले आहेत. उष्ण प्रदेशातलं गवत हिरवं ठेवायचं तर त्या ताकदीच्या साधारण सत्तर टक्के पाणी त्याला लागतं, म्हणजे दिवसाला पाचेक मिलिमीटर. पाचशे चौरस फूट म्हणजे ४६ चौरस मीटर. गुणाकार करा. जवळपास अडीचशे लिटर, रोज. पाइपने मारताना रस्त्यावर, भिंतीवर आणि हवेत जाणारं पाणी वेगळंच.

शहरी पाणीपुरवठ्याचं आपल्याकडचं मानक माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. म्हणजे आमचं लॉन घरात राहणाऱ्या आणखी दोन माणसांइतकं पाणी पीत होतं. मार्च ते मे या तीन महिन्यांचे वीस हजारांहून अधिक लिटर झाले. मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून आलेल्या त्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. नंतर पन्नास वाघिणींची गाडीही आली. एका वाघिणीत पन्नास हजार लिटर धरले, तर अण्णांचं गवत एका उन्हाळ्यात तिच्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी संपवून बसलं असतं.

गवत इतकं पितं कारण ते पसरलेलं असतं आणि त्याची मुळं उथळ असतात. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून अधिक पाणी झाड स्वतःजवळ ठेवतच नाही, ते पानांवरच्या सूक्ष्म पर्णरंध्रांतून वाफ होऊन जातं. कर्बवायू आत घ्यायचा तर ही रंध्रं उघडावी लागतात आणि ती उघडली की पाणी बाहेर पडतं. कोरड्या प्रदेशातल्या झाडांनी या कोंडीतून वेगवेगळ्या वाटा काढल्या आहेत. सीताफळ, बहावा, चाफा ही मंडळी कोरड्या दिवसांत पानंच टाकून देतात. कडुनिंब मुळं खोल नेतो. कोरफड आणि निवडुंग आपली रंध्रं दिवसा बंद ठेवून रात्री, हवा गार असताना उघडतात, तेव्हाच कर्बवायू साठवून घेतात आणि दिवसा त्याचं अन्न करतात. हरळीचीही एक युक्ती आहे. पाणी संपलं की ती पिवळी पडून झोपते आणि पहिल्या पावसात उठते. तिला बारा महिने हिरवी ठेवण्याचा हट्ट आपला असतो.

हा हट्ट आपण एकट्यांनी केलेला नाही आणि तो सोडायची वेळही आपल्या एकट्यांवर आलेली नाही. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा विभागाने १९८१ मध्ये ‘झेरिस्केप’ असा शब्द तयार केला. ‘झेरोस’ म्हणजे ग्रीकमध्ये कोरडं. कोरड्या हवामानाला साजेशी घराभोवतीची बाग, असा त्याचा अर्थ. त्याहून कोरडं लास व्हेगास. तिथल्या पाणी प्राधिकरणाने लॉन काढून टाकणाऱ्या घरमालकांना चौरस फुटामागे पैसे द्यायला सुरुवात केली. पाच-सहाशे चौरस फुटांच्या गप्पा आपण मारतो, तिथे अनेक घरांचे मीटर काही वर्षं मोजून २००५ मध्ये अहवाल काढला गेला. लॉनला वर्षाला चौरस फुटामागे सुमारे २७६ लिटर पाणी लागत होतं, त्याऐवजी लावलेल्या कोरडवाहू बागेला सुमारे ६५ लिटर. २०२१ मध्ये नेव्हाडा राज्याने पुढचं पाऊल टाकलं. रस्त्याच्या दुभाजकांत, कार्यालयांपुढे वगैरे ज्या शोभेच्या गवतावर कुणी पाऊलही ठेवत नाही, त्याला कोलोरॅडो नदीचं पाणी २०२६ नंतर देता येणार नाही, असा कायदा केला.

इथपर्यंत वाचून कुणी लॉन उखडून त्या जागी पांढरी खडी आणि चार निवडुंग मांडायला निघालं असेल, तर थोडं थांबा. अलीकडे आपल्याकडे नव्या बंगल्यांपुढे हे दृश्य दिसू लागलं आहे आणि मला ते लॉनपेक्षा फारसं शहाणपणाचं वाटत नाही. खडी आणि पेव्हर ब्लॉक दिवसभर तापतात आणि रात्री ती उष्णता भिंतींना परत देतात. झाडाचं पान तापत नाही, कारण एक लिटर पाण्याची वाफ होताना इतकी उष्णता शोषली जाते, की तेवढ्या उष्णतेत सुमारे आठ लिटर साधं पाणी उकळेल. उष्माघाताचा धोका केवळ दुपारच्या पाऱ्याने ठरत नाही. रात्री घर थंड न झाल्याने शरीराला सावरायला उसंत मिळत नाही, हेही त्यात असतं. घरात वयस्कर माणसं, लहान मुलं, हृदयाचे रुग्ण असतील तर अंगणातली सावली हा शोभेचा विषय राहत नाही. तेव्हा कमी पाण्याची बाग म्हणजे कमी झाडांची बाग नव्हे. आहे ते पाणी गवतावर पसरायचं, की सावली देणाऱ्या दोन झाडांच्या मुळाशी घालायचं, हा निर्णय आहे.

शिवाय आपला कोरडेपणा त्यांच्यासारखा नाही. डेन्व्हरला वर्षाला साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पाणी पडतं, लास व्हेगासला शंभरच्या आसपास. लातूरची सरासरी त्यांच्या कितीतरी पुढे, साडेसातशे मिलिमीटरच्या वर आहे. पण ते जवळपास सगळं जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतं, त्यातही मोजक्या दिवसांत कोसळून निघून जातं. त्यांची अडचण पाणी कमी पडतं ही आहे. आपली अडचण ते थांबत नाही ही आहे. म्हणून आपल्या अंगणाची आखणी झाडांच्या यादीपासून करू नये. पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, तिथून सुरुवात करावी.

पायाखालची टाकी

आमच्या छताचं क्षेत्रफळ हजार चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. साडेसातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के उडालं, सांडलं म्हणून सोडून दिलं, तरी वर्षाला ५५ हजार लिटर पाणी पन्हाळीतून खाली येतं. मघाशी सांगितलेली रेल्वेची वाघीण भरून वर थोडं उरेल एवढं. इतकी वर्षं ते आम्ही पाइपने थेट गटारात सोडत होतो.

एवढी टाकी बांधणं परवडत नाही. पण काळी माती स्वतःच टाकी आहे. चांगल्या काळ्या मातीच्या एक मीटर खोल थरात झाडाला घेता येईल असं साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी मावतं, म्हणजे चौरस मीटरमागे दीडशे-दोनशे लिटर. अट एकच, ते आत जायला हवं. या मातीतली चिकण खनिजं ओली झाली की फुगतात आणि वाळली की आकसतात, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. पहिल्या पावसात भेगांतून पाणी भराभर खाली जातं, मग माती फुगून भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरच्या वर वाहून जातं. त्याला अडवून ठेवलं, वेळ दिला, तर ते सावकाश मुरतं. आम्ही पन्हाळीचं पाणी उथळ चर काढून कडुनिंब आणि सीताफळाच्या रुंद आळ्यांकडे वळवलं. फावडं आणि दोन रविवार, एवढाच खर्च.

एक सावधगिरी मात्र हवी. काळ्या मातीत घराच्या पायाशी पाणी मुरवू नका. माती फुगली-आकसली की भिंतींना तिरक्या भेगा जातात. चर पायापासून निदान दहा फूट लांब ठेवा आणि उतार घराकडून बाहेर असू द्या. मोठी झाडंही भिंतीला चिकटून लावू नयेत, ती पायाखालची माती कोरडी करून उलटा त्रास देतात. ज्यांच्याकडे काळी माती नाही, मुरूम आहे, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे पाणी मुरतं लगेच, पण थांबत नाही. तिथे खड्डा मोठा घ्यावा आणि शेणखत-कंपोस्ट भरपूर मिसळावं.

मुरलेलं पाणी पुढचे आठ महिने टिकवायचं काम आच्छादन करतं. पालापाचोळा, उसाचं पाचट, वाळलेलं गवत, काहीही चालतं. तीन-चार इंचांचा थर आळ्यात पसरला की ऊन मातीपर्यंत पोचत नाही आणि भेगाही कमी पडतात. खोडाला टेकवून मात्र घालायचं नाही, नाहीतर खोड कुजतं, वाळवीला आमंत्रण मिळतं. अंगण झाडून पालापाचोळा जाळण्याची आपली सवय किती उलटी आहे, हे आच्छादन घातल्याशिवाय कळत नाही. धूर आपण श्वासात घेतो आणि जमीन उघडी पडते. पाचोळा नसेल तर निदान वरची दोन इंच माती खुरप्याने मोकळी करून भेगा बुजवाव्यात. शेतकरी कोळपणीला अर्ध्या पाण्याच्या बरोबरीची मानतात ते याचसाठी. उघडी, उकरलेली जमीन तशीच सोडली तर तिथे गाजरगवत येतं आणि त्याने होणारी त्वचेची व श्वासाची ॲलर्जी ज्याला झाली आहे तो ती विसरत नाही.

आजीचं परस

पाण्याच्या गरजेनुसार झाडांचे गट करून लावावेत, हे कोरडवाहू बागेचं मुख्य तत्त्व. हे वाचलं तेव्हा मला आजीचं परस आठवलं. न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडायचं तिथे केळ, अळू आणि कर्दळ. त्याच्या पुढे, हात धुता-धुता पाणी पडेल अशा जागी गवती चहा आणि कढीपत्ता. दारात तुळस, तिला रोजचा तांब्या ठरलेला. लांब कुंपणाला सीताफळ, बोर, शेवगा, त्यांना कुणीच पाणी घालत नसे. तिने हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पाणी आडातून शेंदून काढावं लागत होतं, एवढं कारण पुरेसं होतं.

नवं अंगण आखताना तेच कागदावर करावं. घराचा आराखडा काढा. मे महिन्यात दुपारी चारला कुठल्या भिंतीवर ऊन पडतं ते पाहा. ती पश्चिमेची बाजू असेल. सावलीच्या झाडाचा पहिला मान त्या बाजूचा. मग नळ, मोरी, वॉशिंग मशीन आणि पन्हाळी यांच्या जागा दाखवा. ज्यांना नियमित पाणी लागतं, म्हणजे भाजीचा वाफा, मोगरा, जास्वंद, ते सगळं नळाजवळ, एकाच जागी आणि थोडं. त्यापलीकडे महिन्यातून दोन-तीनदा पाणी मिळालं तरी चालणारी झाडं, म्हणजे डाळिंब, शेवगा, पारिजातक, तगर. कडेला पहिली दोन-तीन वर्षं सांभाळली की पावसावर जगणारी कडुनिंब, बहावा, सीताफळ, बोर, करवंद. बसायच्या जागेला पेव्हर ब्लॉकऐवजी शहाबादी फरशी सांधे न भरता मांडली, की फटींतून पाणी मुरतं.

‘कोरडवाहू झाड’ म्हणजे लावून विसरायचं झाड, हा गैरसमज मी स्वतः दोन रोपं गमावून दूर केला. खोल मुळं झाडाला जन्मतः मिळत नाहीत, ती आपल्या पाणी देण्याने घडतात. रोज थोडं शिंपडलं की मुळं वरच राहतात, कारण पाणी वरच असतं. आठ-दहा दिवसांनी, पण पोटभर दिलं की ती पाण्यामागे खाली जातात. पाणी खोडाशी घालू नका, पानांच्या घेराच्या कडेला घाला. अन्न-पाणी घेणारी कोवळी मुळं तिथे असतात. ठिबकच्या नळ्या दरवर्षी थोड्या बाहेर सरकवाव्यात, ही गोष्ट बहुतेक घरांत राहूनच जाते. पाणी हवं की नको हे ठरवायला सळई किंवा खुरपं पुरतं. चार-पाच इंच खालची माती मुठीत दाबून गोळा होत असेल आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटत असेल तर वाफसा आहे, आज पाणी नको. भर दुपारी पानं माना टाकतात ते पाहून बादली उचलू नये. मुळं पुरवतात त्याहून वेगाने पाणी उडत असतं म्हणून ती तात्पुरती मलूल होतात. सकाळी पाहा. सकाळीही पानं खाली असतील तरच झाड तहानलेलं आहे.

नळाजवळच्या वाफ्यासाठी मडक्याची जुनी युक्ती आजही उत्तम. बिनचकाकीचं कच्च्या घडणीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं आणि पाण्याने भरायचं. माती कोरडी झाली की मडक्याच्या अंगातून पाणी ओढून घेते, ओली असली की ओढणं मंदावतं. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक लिखाणात ही पद्धत आढळते. वाफ्यातल्या वांगी-टोमॅटोला याहून काटकसरीचा नळ मी तरी पाहिलेला नाही. तोंडावर झाकण मात्र घट्ट हवं. का, ते पुढे येतं.

सांडपाणी आणि डास

पाणी वाचवणाऱ्या घरात दोन आजार मागच्या दाराने येऊ शकतात, म्हणून थोडं सविस्तर.

आंघोळीचं आणि भाज्या धुतलेलं पाणी झाडांना चालतं. पण ते साठवायचं नाही. एक दिवस बादलीत राहिलं की त्यात जंतू वाढतात आणि वास सुटतो. ते झाडाच्या मुळाशी, आच्छादनाखाली सोडावं, पाइपने फवारू नये. कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर अशा मातीला लागून वाढणाऱ्या किंवा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना मुळीच देऊ नये. केळ, शेवगा, फुलझाडं यांना द्यावं. बाळाचे लंगोट किंवा आजारी माणसाचे कपडे धुतलेलं पाणी बागेत नको. वॉशिंग मशीनच्या पाण्याबद्दल मी जरा कडक आहे. कपड्यांच्या पावडरींत सोडियमचे क्षार असतात. काळ्या मातीत सोडियम साठत गेला की तिचे कण सुटे होतात, माती चोपण होते, पाणी मुरतही नाही आणि हवाही खेळत नाही. शेतकऱ्यांना हे नवीन नाही. निदान शेवटच्या खळबळणीचंच पाणी घ्या, तेही एकाच झाडाला सारखं नको. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर जाणारं आरओचं पाणी क्षारांनी आणखी घट्ट झालेलं असतं. त्याने फरशी पुसा, कुंडीत ओतू नका. उलट एसीतून ठिबकणारं पाणी जवळपास क्षारविरहित असतं, ते कुंड्यांना जरूर घाला.

दुसरा धोका डासांचा. डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि टंचाईच्या काळात आपण तेच करतो. पिंपं भरतो, बादल्या भरून ठेवतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो. पण पाणी ओतून टाकलं की काम झालं असं नाही. एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्या अवस्थेत कित्येक महिने टिकून पुन्हा पाणी मिळताच फुटतात. म्हणून पिंपाच्या, कुंडीखालच्या बशीच्या, पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाणवठ्याच्या कडा ब्रशने घासायला हव्यात. मडक्याला झाकण हवं ते यासाठीच. आळ्यातलं पाणी एक-दोन दिवसांत मुरून जातं, त्याची चिंता नाही. चौथ्या दिवशीही दिसत असेल तर आळं उथळ करा.

झाडं निवडतानाही एक गोष्ट ध्यानात असू द्या. पाण्याविना टिकते म्हणून कण्हेर सर्रास सुचवली जाते. टिकते हे खरंच, पण कण्हेरीचा आणि पिवळ्या बिट्टीचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि हे विष हृदयाच्या ठोक्यांवर थेट परिणाम करतं. घरात रांगतं मूल किंवा शेळी-गाय असेल तर ती लावू नये. लावलेली असेल तर छाटणीच्या काड्या चुलीत किंवा शेकोटीत घालू नयेत.

लागवड उन्हाळ्यात करू नका. आखणी, चर, आळी, आच्छादनाची जमवाजमव हे सगळं मेपर्यंत उरकावं आणि रोप जमीन चांगली भिजल्यावर, जुलैत लावावं. नर्सरीतलं सर्वांत उंच रोप घेण्याचा मोह टाळा. पिशवीत मुळं गोल-गोल फिरलेलं मोठं रोप मागे पडतं आणि हातभर उंचीचं धट्टंकट्टं रोप दोन वर्षांत त्याच्या पुढे जातं.

आमच्या अंगणात आता पश्चिमेला आणखी एक कडुनिंब आणि बहावा आहे. सीताफळाच्या आळ्यात पाचट असतं. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी तिकडे जाताना पाहायला अण्णा छत्री घेऊन व्हरांड्यात उभे राहतात. गेल्या उन्हाळ्यात बोअरचं पाणी फक्त भाजीच्या वाफ्याला आणि दोन वर्षांच्या बहाव्याला गेलं, तेही दहा दिवसांतून एकदा. शेजारच्या काकूंनी दसऱ्यानंतर सीताफळं मागून नेली, आणि परत देताना टोपलीत त्यांच्या शेवग्याच्या शेंगा घातल्या.

लॉनमधला दहा बाय दहा फुटांचा तुकडा आम्ही अण्णांसाठी राखला आहे. त्यात साधी हरळी आहे. कडुनिंबाची सावली अजून तिथपर्यंत पोचलेली नाही, म्हणून खुर्च्या सकाळी आठला उचलाव्या लागतात. मार्चअखेर ते गवत पिवळं पडतं, मेमध्ये पार तपकिरी होतं. अण्णा पेपर वाचता-वाचता त्याच्याकडे बघून अजूनही कुरकुरतात.